मनीची पट्टी सापडली

मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे हं मित्रांनो, वाजवायची! हे आधीच सांगितलेलं बरं. या बालशाळेत मला पहिल्यांदा आणलं, तेव्हा शिपाईकाकांनी माझं झाकण उघडून "यात काहीच मावणार नाही" म्हणत नाक मुरडलं होतं.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो बोलायला तुसडा, पण कानाचा भलताच तिखट. माझ्या सुरांची एकेक पितळी पाती घासून तो कानाशी धरायचा आणि सूर मनासारखा लागला की स्वतःशीच खुदकन हसायचा. पुढे एका हौशी आजोबांनी मला कौतुकाने घरी नेलं. त्यांच्यामागे मी शाळेत आले, ती थेट अडगळीच्या खोलीत. माझ्या डोक्यावर मोडक्या खुर्च्या आणि हवा गेलेले चेंडू. उंदरांनी माझ्या भात्याचा कोपरा कुरतडला. फार वाईट वाटायचं मला.

मग गाण्याच्या बाई आल्या आणि माझे दिवस पालटले. त्यांनी भाता दुरुस्त करून घेतला, मला पुसून खिडकीजवळ सतरंजीवर मांडलं. मुलांनी असा गराडा घातला की खुद्द बाईंनाच बसायला जागा उरली नाही. एकाने तर माझ्या सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! एकाच वेळी ओरडणारी ही पोरं हळूहळू एकमेकांचं ऐकू लागली. टाळी चुकली की स्वतःच हसून पुन्हा धरू लागली. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

एक मुलगी मात्र मांजरीच्या पावलांनी येऊन कोपऱ्यात बसायची. म्हणून तिला सगळे मनी म्हणत. गाणं सुरू झालं की ती नुसते ओठ हलवायची. पालकांसमोर गाण्याचा दिवस जवळ आला, तेव्हा बाईंनी तिला जवळ घेतलं.

"गात का नाहीस गं?"

"आई म्हणते, माझा आवाज घोगरा आहे. सगळ्यांचं गाणं बिघडेल. नुसते ओठ हलव."

"अगं, तुझी पट्टी वेगळी असेल. उद्या आपण तुझी पट्टी बघू हं."

दुसऱ्या दिवशी मनीने दप्तरातून रेघा मारायची पट्टी काढली आणि बाईंपुढे धरली.

"ही माझी पट्टी. कोपरा दादाने चावलाय, मी नाही."

वर्ग खो खो हसला. मनीचा चेहरा एवढासा झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. "पेटीचीही पट्टी असते," असं म्हणून त्यांनी तिचं बोट धरून माझ्या एका पट्टीवर ठेवलं.

"हिच्यासारखं गा बघू."

आवाज चिरकला. बाईंनी बोट डावीकडे, खालच्या सुरावर नेलं. पुन्हा चिरकला. आणखी खाली नेलं आणि मनीचा सूर माझ्या सुरात असा मिसळला, की माझा कुठला आणि तिचा कुठला, हे माझं मलाच कळेना. आनंदाने मी नुसती थरथरले.

"बाई, हा माझा आवाज?"

"तुझाच. आता सगळे याच पट्टीत गाऊ."

"पण आम्हाला खाली यावं लागेल!" एकजण कुरकुरला.

"मग ये की. ती इतके दिवस वर चढायला बघत होती."

कार्यक्रमाच्या दिवशी मनीची आई पुढेच बसली होती. गाणं सुरू होताना तिने लेकीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मनीने ते पाहिलं. मला वाटलं, आता ही गप्प बसणार! पण मनीने माझा सूर ऐकला, मान वर केली आणि तोंडभर गायली. आईचं बोट ओठांवर तसंच राहिलं.

सगळे पांगल्यावर मनीची आई बाईंजवळ आली.

"तो खालचा गोड आवाज माझ्या मनीचाच ना हो?" तिचे डोळे भरले होते. "मलाही लहानपणी असंच सांगितलं होतं, ओठ हलव म्हणून. मोठ्या माणसांची पट्टी सापडते का हो?"

मित्रांनो, सोबतचं कुणी बेसूर गायलं तर त्याला गप्प करू नका. जरा पट्टी बदलून बघा. आणि तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी धूळ खात पडली असेल, तर तिला बाहेर काढा. आम्हाला लहान मुलांची फार ओढ असते.

बरं, आता मला वेळ नाही. मनीने भाता हलवायला घेतलाय, आणि तिची आई सतरंजीवर मांडी घालून घसा खाकरतेय.