लिलावघरातली समुद्रगाय

लिलावघरात पाय ठेवायला जागा नव्हती. रोज जिथे मासळीच्या पाट्या ओतल्या जात, त्या सिमेंटच्या ओट्यावर माणसाहून लांब, करडं धूड पडलं होतं. काल संध्याकाळी जाळ्यात आलेलं, तरी अजून जिवंत, आणि त्याच्या डोळ्यांतून घट्ट आसवं ओघळत होती.

"पाण्यावाचून जगणारा मासा पाहिलाय कुणी?" बाबा गरजला. कालपर्यंत हा बंदरावर ताईत विकत होता. एका रात्रीत त्याला दिव्यदृष्टी फुटली. "सागरकन्या आहे ही! तुमच्या दुःखाने रडतेय. पाण्याचा थेंब लावाल तर कोप होईल, खबरदार!" मग तो मंत्र पुटपुटू लागे, आणि धुडाने सुस्कारा सोडला रे सोडला की थांबे. "ऐकलंत? हुंकार दिला!"

लोकांचा विश्वास बसला तो मात्र मावशीमुळे. लिलाव पुकारण्यात तिची हयात गेलेली. कल्ला उघडून मासळी कधीची ते ती सांगे आणि बंदरात तोच शब्द अखेरचा. काल तिने कल्ले शोधले, तर कल्लेच नाहीत! "हे काहीतरी वेगळंच आहे," ती म्हणाली, आणि बाबाने ते वाक्य वरच्या वर झेललं.

तेव्हापासून ती ओट्याजवळून हलली नव्हती. मागच्या वादळात तिचा मुलगा होडीसकट बेपत्ता झाला होता. बाबाने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही इथे रडतेय तोवर तुझा पोरगा जिवंत. ही समुद्रात गेली, की तोही गेला."

मावशीची मुलगी जनावरांची डॉक्टर. गर्दी कापत ती आली, धुडाच्या छातीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हा मासा नाही. समुद्रगाय आहे, हत्तीची लांबची नातलग. तळाचं गवत खाते, पिलाला अंगावर पाजते. ते गवत संपत आलं, म्हणून आपल्या पिढीने ही पाहिलीच नाही. पाण्याबाहेर हिच्याच वजनाने हिची छाती दबतेय. भरती ओसरायच्या आत सोडली नाही तर मरेल."

"हात लावू नकोस!" मावशी ओट्याला आडवी झाली. "तुझ्या भावाचा जीव आहे तिच्यात!"

"बघा, सख्खी बहीण भावाच्या जिवावर उठली!" बाबाने संधी साधली. गर्दी पुढे सरकली. कुणीतरी मुलीचा दंड घट्ट धरला.

तिने तो सोडवून घेतला नाही. "आई, तू कल्ले शोधलेस. आता नाक शोध. तुझा चष्मा धर तिथे."

मावशी घुटमळली. पण तपासल्याशिवाय बोली पुकारायची तिला सवयच नव्हती. तिने चष्मा धुडाच्या थोबाडापुढे धरला. दोन नाकपुड्या झडपा लावल्यासारख्या बंद होत्या. बाबाने मंत्राचा आवाज चढवला. नाकपुड्या उघडल्या, काच धुरकट झाली, आणि बाबा थांबला. मावशीने काच पुसून पुन्हा धरली. या वेळी मंत्र नव्हता, तरी काच धुरकटली.

"श्वास घेते ती, आपल्यासारखाच. बाबा फक्त श्वासाची वाट बघतो. आणि ही आसवं नाहीत. डोळा सुकू नये म्हणून चिकट द्रव सुटतो. ती पाण्यात असती तर तो धुऊन गेला असता. म्हणून तर बाबाला पाणी नकोय."

मुलीने ओट्याखालच्या पाण्याच्या बादलीकडे बोट दाखवलं, तसा बाबा बादलीवर झेपावला. त्याच्याआधी मावशीने ती उचलली आणि धुडावर ओतली. मुलीने ओलं फडकं डोळ्याखाली धरलं. डोळा स्वच्छ झाला, आणि मावशी ढसाढसा रडू लागली तरी त्यातून आसू ओघळलं नाही.

"म्हणजे माझ्या पोराची खबर हिला नाही?"

"नाही, आई."

"मग कुणाला आहे?"

"कुणालाच नाही. मलाही नाही."

मावशीने डोळे पुसले. मग लिलाव पुकारायच्या आवाजात ओरडली, "ताडपत्री आणा! ओली करून! बघताय काय, पाणी उतरतंय!"

मघाशी दंड धरणारेच हात ताडपत्रीला लागले. बाबा तेवढ्यात मागच्या दाराने पसार झाला. कमरेइतक्या पाण्यात त्यांनी समुद्रगाय सोडली. ती काही वेळ तशीच पडून राहिली. मग शेपूट हललं आणि ती खोल पाण्याकडे निघून गेली.

"मावशी, गेली की हो," कुणीतरी घाबरत म्हणालं.

"जाऊ दे. पुन्हा जाळ्यात आली तर जाळं कापा," मावशी म्हणाली. "आणि तुमच्या दुःखावर कुणी उत्तर घेऊन आलं, तर ते खरं कशावरून, एवढं विचारा. मला पोरगा हवा होता, म्हणून मी विचारलं नाही. त्यापायी एक मुका जीव जात होता."