पट्ट्यांचा रंग

धाकटीने चिमट्यात इवल्या रणगाड्यावरचा तोफेचा मनोरा धरला आणि खिडकीच्या उजेडात काकांसमोर नेला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले.

"पिवळा जास्त झालाय."

"काल निळा जास्त म्हणालात."

"काल निळा जास्त होताच."

तिने मनोरा परत वर्तमानपत्रावर ठेवला आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर नवा हिरवा कालवायला घेतला. काका तिचे चुलतसासरे. उभी हयात फौजेत, रणगाड्यावर गेलेली. पंचाहत्तरीला त्यांच्याच रणगाड्याचं वीतभर लांबीचं मॉडेल द्यायचं घरच्यांनी ठरवलं, आणि हौशी लोकांची मॉडेलं रंगवून देणं हा धाकटीचा धंदाच असल्यामुळे काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. काकांना सुगावा लागायला वेळ लागला नाही. तेव्हापासून ते रोज सकाळी येऊन तिच्या टेबलाशी बसत, चहात बिस्किटं बुडवत आणि ओला रंग नखाने खरवडून बघत. त्या नखांत नंतर दिवसभर हिरवी रेघ राहायची. बिस्किटाचा लगदा मिशीला लागलेला असायचा. धाकटी नजर फरशीवर ठेवून काम करी. म्हातारं माणूस आहे, असं स्वतःला बजावी.

त्या दिवशी हिरवा एकदाचा जमला.

"आता चाकांवरचे पट्टे," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

"पट्ट्यांना करडा. वर जराशी धूळ आणि कडांना गंज. नेहमीचंच."

"गंज नको. गंज नारिंगी दिसतो. मला लाल पाहिजे. ताजा नाही, दुपार उलटल्यावर होतो तसा."

तिचा ब्रश थांबला. "काय होतं दुपार उलटल्यावर?"

काकांनी बिस्कीट चहात धरलं, मऊ पडेपर्यंत वाट पाहिली.

"बाजारातला रस्ता होता. अरुंद. लोक हटायला तयार नव्हते. आपलेच लोक, पण डोक्यात राख घातलेले. वरून हुकूम आला, थांबू नका. नाही थांबलो." त्यांनी बिस्कीट तोंडात टाकलं. "नंतर पोरांनी पाण्याचा पाइप मारला, तरी पट्ट्यांच्या कड्यांच्या खाचांतलं निघेना. म्हणून सांगतो, वरवर नको. खाचांत भर."

शिंप्याला कॉलरचं माप सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. उठावं, दार उघडावं, यांना बाहेर घालवावं, असं धाकटीच्या मनात आलं. पण हात सवयीने चालूच होता. तपकिरीत लाल, त्यात काळ्याचा एक थेंब. काकांनी फरशीवर वाकून पाहिलं.

"अजून काळा. थोडा. हं... हाच. अगदी हाच."

छटा जुळली की बोटांत एक सुख उतरतं. ते तिच्या बोटांत उतरलं. तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिने ब्रश थिनरमध्ये टाकला आणि हात मांडीखाली दाबून बसली.

"बाकीचं मी करते," ती म्हणाली. "तुम्ही आता येऊ नका."

"शाबास," काका म्हणाले. "तुझी नजर पक्की आहे."

रात्री तिने पान तसंच बाजूला सारलं. नवऱ्याने विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो जेवता जेवता ऐकत होता. घास मात्र थांबला नाही.

"जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. "वाढदिवस आहे त्यांचा. रंगवून दे आणि मोकळी हो. त्यांच्यासमोर विषय नको."

त्याच्या ओठाला लागलेलं शीत ती बघत राहिली.

तिने रंगवून दिलं. खाचांत भरून दिलं.

वाढदिवसाला काकांच्या बैठकीच्या खोलीत घरचेच लोक होते. मॉडेल मधल्या टेबलावर ठेवलं होतं आणि जो तो वाकून बघत होता. काकूंनी ते दोन्ही तळव्यांवर उचलून घेतलं, नातवंड घ्यावं तसं, जपून.

"गंज काय हुबेहूब आलाय," थोरले दीर म्हणाले. "मानलं बुवा धाकटीला."

काकांनी खोलीपलीकडून धाकटीकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. दोघांत एखादी गंमत असावी तसा.

"गंज नाहीये तो," धाकटी म्हणाली.

नवऱ्याने तिचं कोपर धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

"काकांनी मुद्दाम निवडलाय रंग. खाचांत भरायला सांगितला. काका, कशाचा आहे ते सांगा ना."

सगळे काकांकडे वळले. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. तिच्या टेबलाशी बसून जे इतक्या सहज सांगितलं होतं, त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

"चिखल," ते अखेर म्हणाले. "चिखल आहे. दुसरं काय असणार."

"लाल चिखल," काकू म्हणाल्या.

त्यांनी मॉडेल जरा उचलून खालून पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"बाजारात ते झालं, त्या दिवशी तुम्ही छावणीतच होता म्हणालात."

काकूंनी रणगाडा टेबलावर ठेवला. हात अंगापासून लांब, तळवे वर धरलेले, तशाच त्या आत गेल्या. मोरीतला नळ सुटल्याचा आवाज आला.

कुणीतरी केक कापायचा विषय काढला. कुणी सुरी शोधायला उठलं.

नळ वाहतच होता.