डावीकडची खुर्ची

"हाक मारतोय ना रे तो! घसा फाटला त्याचा ओरडून. आणि हा बघ, मान तरी वळवतोय का? माज आहे, दुसरं काय!"

आईच्या मानेमागे, केसांना श्वास लागेल इतक्या जवळ, कोणीतरी शेंगा सोलत कुरकुरत होतं.

"जुन्या क्लबाला वेड लागलं होतं का असला खेळाडू सोडायला?" दुसरा म्हणाला. "दुखरी दाढ होती त्यांची. उपटली आणि आपल्या तोंडात बसवली."

दोघं हसले. आईच्या गळ्यात क्लबाने घरच्यांना दिलेला पास होता, तो तिने हळूच स्वेटरच्या आत सारला. शेजारी बाबा ताठ बसले होते. त्यांनीही ऐकलं होतं.

"लोकांना काय कळतंय," ते पुटपुटले. आणि थोड्या वेळाने, "पण वळून बघायला काय झालं होतं त्याला?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मैदानाकडे पाहिलं.

समोर उजव्या कडेला त्यांचा मुलगा खेळत होता. वर्तमानपत्रांत त्याचं नाव घुम्या पडलं होतं. पायात जादू आणि तोंडाला कुलूप, असं कोण्या बातमीदाराने लिहिलं आणि ते चिकटून बसलं. जुन्या क्लबात तो डाव्या कडेने खेळायचा. तिथे त्याने लोकांना वेड लावलं आणि कोचलाही, पण वेगळ्या अर्थाने. कडेला उभं राहून कोच बोंबलत असे आणि हा आपल्याच नादात. मीटिंगमध्ये कोपऱ्यात मान खाली घालून बसे. कुणी काही विचारलं तर कधी फाडकन उत्तर देई, कधी देतच नसे. शेवटी 'हुशार आहे, पण हाताळायला अवघड' अशी चिठ्ठी कपाळावर चिकटवून क्लबाने त्याला दुसऱ्या गावी धाडून दिलं. ट्रान्सफर म्हणतात त्याला. टेबलाच्या दोन बाजूंना माणसं बसतात, हात मिळवतात, आणि ज्याला जायचं असतं तो बाहेर बाकावर बसलेला असतो.

इथे नव्या क्लबाकडे डाव्या कडेला गावाचा लाडका खेळाडू आधीच होता. म्हणून याला उजवीकडे टाकलं. दोन्ही पायांनी सारखाच खेळतो, त्याला काय फरक पडतोय, असं सगळ्यांना वाटलं.

फरक पडत होता. डाव्या कडेने धावताना सगळा संघ त्याच्या उजव्या हाताला असे. उजव्या कडेने धावताना सगळा संघ डाव्या हाताला आला. आणि डाव्या कानाने त्याला काहीही ऐकू येत नसे.

लहानपणीचे एक डॉक्टर सोडले, तर ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती. त्यांपैकी दोघं पास गळ्यात घालून प्रेक्षकांत बसली होती.

तेवढ्यात चेंडू त्याच्याकडे आला. डावीकडून साथीदार जिवाच्या आकांताने ओरडला, "माणूस आला! सोड, सोड!" अख्ख्या स्टेडियमला ऐकू गेलं. त्याला गेलं नाही. समोरचा धिप्पाड बचावपटू डावीकडून आला आणि आईचा मुलगा गवतावर उताणा पडला. आई अर्धी उठली. मागून आवाज आला, "बरं झालं!"

थोड्या वेळाने कोचने त्याला बाहेर बोलावलं. तो येताना कोच डाव्या बाजूने जवळ गेला, कानाशी वाकून काहीतरी बोलला. समजावत असावा. मुलगा पुढे बघत सरळ बाकाकडे चालत गेला. मग जी हुर्यो उठली, ती आईने पदरात घेतली म्हणा ना. दुसरं कोण घेणार?

घरी परतताना बाबांचा फोन वाजला. बाबा पूर्वी बस चालवायचे. आता त्यांचा धंदा म्हणावा तर एकच, मुलाचा बाप असणं. शाळांतून, क्लबांतून पालक त्यांना बोलावत. मूल कसं घडवायचं, हे ऐकायला.

"बोला, बोला," बाबा फोनवर खुलले. "नाही हो, समजावून काही होत नाही. ऐकत नाही ना? मग एक ठेवून द्या. चारचौघांत द्या, म्हणजे लक्षात राहते. माझ्याकडे बघा की! एकच दिली होती आयुष्यात. त्या एका थोबाडीवर आज गाडी-घोडा उभा आहे."

ती थप्पड प्रसिद्ध होती. एका मासिकात तिच्यावर लेखही आला होता. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याने मोकळा गोल चुकवला आणि वर खदाखदा हसला. बापाने मैदानात शिरून सगळ्यांदेखत कानशिलात लगावली. पुढच्याच सामन्यात पोराने गोलांचा पाऊस पाडला. बाबांची गोष्ट इथे संपे आणि टाळ्या पडत. टाळ्या वाजवणारे घरी जाऊन आपापल्या पोरांकडे वेगळ्या नजरेने बघत असतील. मुलाला मारणं ही आपल्या लेखी मायाच असते, फक्त जरा जोरात लागलेली.

आईला त्या गोष्टीचं पुढचं पान पाठ होतं. ती घरी शिवणकाम करायची. उशांचे अभ्रे तिने स्वतः शिवलेले. त्या अभ्र्यांवर सकाळी पिवळट डाग दिसू लागले. तिने ते गुपचूप धुतले. पोर म्हणालं, "आई, कानात शिट्टी वाजतेय." तिने कापसाचा बोळा घातला. "सर्दी असेल," बाबा म्हणाले, आणि तिकडे बघायचं टाळलं. डॉक्टरांकडे न्यायला हवं हे तिला कळत होतं. पण डॉक्टर विचारतील, कसं झालं? आज नेऊ, उद्या नेऊ करत शेवटी नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तेच विचारलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलून गेली, "झोक्यावरून पडला."

मुलाने तिच्याकडे पाहिलं. रडला नाही. नुसतं पाहिलं.

तोवर घरात त्याचं नाव बडबड्या होतं. जेवताना अख्ख्या सामन्याचं वर्णन तोंडात घास ठेवून चालायचं. त्यानंतर ते नाव आपोआप गळून पडलं, दुधाच्या दातासारखं. हात एकाचा उठला होता. खोटं मात्र तिचं होतं, आणि कानाला उशीर झाला तोही तिचाच.

घराने मग आपली घडी बदलली. कुणी कुणाला सांगितलं नाही. हाक मारायची ती समोर येऊन. चालायचं त्याच्या उजवीकडून. जेवणाच्या टेबलाशी त्याच्या डावीकडची खुर्ची रिकामीच असे, पण रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर घडीचे कपडे, वर्तमानपत्रं, किल्ल्या. या नव्या फ्लॅटमध्येही सामान लावल्या दिवशीच त्या खुर्चीवर रद्दी येऊन बसली. ट्रान्सफरच्या वेळी डॉक्टरांनी गुडघे, घोटे, छाती, सगळं तपासलं. कानांचं कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगणारं हे घर नव्हतं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला. जुनी सवय. आई पडद्याची पट्टी दुमडत होती. ती त्याच्या उजवीकडे सरकली.

"संध्याकाळी कोच येणार आहेत घरी."

"माहितेय."

"सांगू या का रे त्यांना?"

"काय?"

"तेच."

त्याने बटाटा फिरवला. साल अखंड निघत होती. "मग विचारतील, कधीपासून? कसं?" साल ताटात टाकून म्हणाला, "बाबांचं भाषण आहे इथल्या शाळेत. नवा शर्ट घेतलाय त्यांनी. राहू दे."

"आणि तुझं?"

"माझं काय? बाकावर बसवतील. बाकावर शांत असतं." तो हसला. "तसंही अर्धं शांतच असतं मला."

त्याने सहज म्हटलेलं ते वाक्य आईच्या बोटात सुईसारखं शिरलं. तिने पट्टी उसवली आणि पुन्हा दुमडायला घेतली.

कोच आला तो घाईत. चाळिशीचा, ओढल्या चेहऱ्याचा, झोप न झालेला माणूस. वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ढकलता आलं असतं. मुलगा टेबलाशी बसला होताच. कोचने इकडेतिकडे बघितलं, डावीकडच्या खुर्चीवरची रद्दी उचलून खाली ठेवली आणि मजेत बसला.

घरातली तिघंही जागच्या जागी थिजली.

"साहेब, इकडे बसा ना, वारा येतो," आई म्हणाली.

"असू द्या काकू, इथेच बरं आहे. शेजारी बसून बोलतो त्याच्याशी." तो मुलाकडे वळला. आवाज मुद्दाम खाली, आपलेपणाचा. "हे बघ, मी तुला ओरडायला आलेलो नाही. काय खुपतंय ते सांग. मुलांशी जमत नाहीये? मी आवडत नाही? काल मी तुला म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी भरून काढू, तर तू बघितलंही नाहीस."

मुलगा कपाकडे बघत होता. कोणी बोलतंय हे त्याला बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्याने मान वळवली, पण उशिरा.

"काय?" तो म्हणाला.

कोचने हात पसरले. "बघा काका. हे असं. एवढा गुणी मुलगा, मला सोडवत नाही. पण अकरा जणांत एक जण भिंतीसारखा वागला तर मी काय करू? पुढचा सामनाही असाच गेला तर बाकावर. आणि मोसम संपला की दुसरा क्लब बघा."

"असं नका म्हणू!" बाबा पुढे झुकले. अडचणीत माणूस हाताशी असेल ते हत्यार उचलतो, त्यांच्या हाताशी एकच होतं. "तो ऐकतो हो. त्याला ऐकवावं लागतं. लहानपणी एकदा मोकळा गोल चुकवून हसत होता. मी सरळ आत शिरलो आणि..."

सगळी गोष्ट झाली. हाताच्या अभिनयासकट. मुलगा कपाचा कान बोटाने गोल गोल घासत राहिला.

कोचच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आलं. "आमचे वडीलही असेच," तो म्हणाला. "काका, खरं सांगू? माझा धाकटा आठ वर्षांचा आहे. चांगला खेळतो, पण सारखी चेष्टा, सारखं हसणं. बायको म्हणते, असू दे, लहान आहे. पण तुमचं ऐकून वाटतं, आज घरी गेल्यावर एक द्यावीच. जन्माची अद्दल."

"द्याच!" बाबा म्हणाले. "दुवा देईल पुढे."

आईच्या हातात चहाची किटली होती. ती तिने खाली ठेवली. तिला दिसला तो हसणारा, कुणाचा कोण धाकटा, आणि त्याच्या आईने मशीनवर शिवलेला किंवा दुकानातून आणलेला, पांढरा, स्वच्छ अभ्रा.

ती टेबलाला वळसा घालून गेली आणि मुलाच्या उजवीकडे उभी राहिली. आधी त्याला ऐकू यायला हवं होतं.

"अगं, चहा," बाबा म्हणाले. त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "अगं, नको..."

"आई, राहू दे," मुलगा म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज फाटेल असं तिला वाटलं होतं. फाटला नाही.

"साहेब, तुम्ही बसलात त्या बाजूने त्याला ऐकू येत नाही. त्या थोबाडीत त्याचा कान गेला. आणि डॉक्टरांना मी सांगितलं, झोक्यावरून पडला."