तळपायांतून निघणारं विष

हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. बारा खुर्च्या, बारा टब आणि प्रत्येक टबात दोन तळपाय, शेजारी विजेच्या यंत्राला जोडलेला जाळीचा डबा. पाळीची वाट बघणारी माणसं भिंतीला टेकून माना उंचावत होती. कोमट, नितळ पाणी बघता बघता तांबूस झालं, मग तपकिरी, मग काढ्यासारखं काळपट.

"निघालं, निघालं!" जलगुरू लाकडी पळीनं पाणी ढवळत फिरत होते. "हे काळं यकृताचं. हे तांबूस सांध्यांचं. आणि हा फेस दिसतो ना, ती सासूची बोलणी!" हॉल खदखदून हसला. "गोळ्यांनी विष आत दाबलं जातं, मंडळी. मी त्याला फक्त दार उघडून देतो."

तिसऱ्या खुर्चीतली बाई हसली नाही. ती लॉन्ड्रीत कपड्यांवरचे डाग काढायची. सगळे तिला डागताई म्हणत. चार वर्षं तिचं अंग दुखत होतं. दुखणं तिच्या आधी उठे, तिच्या नंतर निजे. ती बादली उचले तेव्हा मनगटात, ती जिना चढे तेव्हा गुडघ्यात. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सगळं तपासून सांगितलं होतं, "हे तपासणीत दिसत नाही, पण खोटं नाही." एक गोळी, वेळेवर जेवण, ठरल्या वेळी झोप, रोज थोडं चालणं, दमण्याआधी बसणं.

"मग जाईल?"

"कमी होईल. हळूहळू."

ते हळूहळू तिला नको होतं. म्हणून नणंदेचा हात धरून ती इथं आली. जलगुरूंनी गोळी बंद केली, जेवण बंद केलं. अकरा दिवस नुसता फळांचा रस. आता उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कालच हातातून बाटली निसटली तेव्हा लॉन्ड्रीच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आठवडाभरात सावर बाई, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

"वहिनी, तुझंच पाणी सगळ्यांत काळं!" नणंद शेजारच्या टबातून म्हणाली, वर्गात पहिला नंबर आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी जलगुरूंच्या टॉवेलांचं गाठोडं नेमकं तिच्याच टेबलावर आलं. पाय पुसलेले टॉवेल, तपकिरी डागांनी भरलेले. अंगातलं विष म्हणून तिनं आधी घामाचं औषध लावलं. डाग ढिम्म. मग तेलकटाचं, मग रक्ताचं. ढिम्मच. मग सवयीनं हात खिळ्याच्या आणि चेनच्या डागांवर वापरायच्या बाटलीकडे गेला. दोन थेंब पडले, आणि डाग विरून गेला. दुसऱ्या टॉवेलवरचा गेला. आठव्यावरचाही.

गंज होता तो. माणसाच्या अंगातून असा गंज निघत नाही, एवढं तिला कळत होतं. राग यायला हवा होता. आला नाही. टॉवेलाची घडी घालताना तिच्या मनात एवढंच आलं: विष असतं, तर ते कधीतरी संपलं तरी असतं.

पुढच्या बैठकीला ती खुर्चीत बसली आणि पाय वर घेतले.

"चालू करा."

"पाय कुठायत, ताई?"

"पायांशिवाय चालू करा."

"रिकामं चाललं तर यंत्र कोपतं!"

"कोपू दे. माझं अंग रोजच कोपतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, करा की! बघू तरी." नाइलाजानं जलगुरूंनी बटण दाबलं. दहा मिनिटांत पाय नसलेल्या टबातलं पाणी काळपट झालं. जलगुरूंनी घाईघाईनं पळी बुडवली.

"हे... हे खोलीतलं विष! तुमच्या सगळ्यांच्या श्वासातलं!"

रांगेतला एक कंबरदुखीवाला वायरमन पुढे आला. त्यानं वायर काढली आणि पाण्यातला जाळीचा डबा उघडला. आत लोखंडी पट्ट्या, खाऊन खाऊन पातळ झालेल्या. "मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजतं. तोच हा रंग. मीठ जास्त, रंग जास्त."

"इतरांच्या टबात मूठभर मीठ, माझ्या टबात तुम्ही दोन मुठी टाकायचात," डागताई जलगुरूंना म्हणाली. आवाज चढला नाही. "मला वाटायचं, मी जास्त आजारी म्हणून."

नणंद रडवेली झाली. "पण मला खरंच हलकं वाटायचं गं!"

"वाटणारच, वन्सं. अर्धा तास कोमट पाण्यात पाय सोडून बसलो, कुणी कामाला हाक मारली नाही. त्याला यंत्र कशाला लागतं?"

काही माणसं उठून गेली. काही बसूनच राहिली. इतक्या दिवसांची आशा एकदम कुठे ठेवायची, हे त्यांना कळेना. डागताईनं घरी जाऊन पोटभर वरणभात खाल्ला. सकाळी डॉक्टरबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, गोळी पुन्हा लिहून दिली. मालकीणबाईंकडे तिनं एक स्टूल मागितलं, आणि दर तासाला बसायला पाच मिनिटं. दोन्ही मिळालं. काम टिकलं. दुखणं गेलेलं नाही. पण दिवसातले काही तास ते तिला विसरतं.

दुखणारा माणूस भोळा नसतो, थकलेला असतो. त्याच्या थकव्यावर कुणी चमत्कार विकायला आला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: हेच मला वगळून करून दाखवा.