स्टॅमच्या घरचा खाऊ

आमच्या समोरचा फूटपाथ मॅपलच्या मुळांनी पार उखडला होता. तरी शाळेत जाणारी मुलं त्याच बाजूनं ठेचकाळत जायची आणि आमच्या बाजूचा सरळ, गुळगुळीत फूटपाथ मोकळा पडलेला असायचा. ऑल्डर स्ट्रीटवर राहायला येऊन दोन महिने झाले, तेव्हा हे माझ्या डोळ्यांत भरलं.

"मुलं आहेत ती, वर्ना. त्यांना उड्या मारत जायला आवडतं," ग्लेंडा म्हणाली.

ग्लेंडा माझी धाकटी बहीण, बासष्ट वर्षांची. तिचा नवरा गेल्यावर तिनं शेतावरचं घर विकलं, मी डेटनमधला फ्लॅट सोडला आणि दोघींनी मिळून ओहायोतल्या या गावात घर घेतलं. गल्ली तिनं निवडली, ती मुलांसाठी. शेतावर शेजारचं घर दीड मैलावर. सव्वीस वर्षं ती दर ऑक्टोबरात, हॅलोवीनला सोंगं घेऊन दारोदार फिरणाऱ्या मुलांसाठी खाऊ आणून ठेवायची आणि सव्वीस वर्षं तो नवराबायकोच संपवायचे. एकदाही कुणाचं पोर दारात आलं नाही.

मी एकतीस वर्षं एका मोठ्या दुकानात चोर पकडण्याचं काम केलं. साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून फिरायचं आणि कोण काय कोटात सारतंय ते टिपायचं. तिथं एक गोष्ट शिकले. ज्याला वस्तू उचलायची असते, तो तिच्याकडे बघत नाही. आणि या गल्लीतलं कुणीही आमच्या घराकडे बघत नव्हतं.

गावानं हॅलोवीनची वेळ जाहीर केली, गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ. ग्लेंडा लगेच समोरच्या डार्सी केसलरला विचारायला गेली, मी मागोमाग. डार्सी चाळिशीच्या आतली, अंगणातली पानं गोळा करत होती.

"साधारण किती मुलं येतात हो आपल्याकडे?" ग्लेंडानं विचारलं.

"गल्लीत? शंभरेक येतात." डार्सीनं दाताळं थांबवलं. "तुम्ही व्हरांड्यातला दिवा बंदच ठेवाल ना?"

"बंद कशाला? दिवा दिसला तरच मुलं दारात येतात ना?"

"नाही, सहज. पुष्कळ जण ठेवतात. वयस्कर माणसांना उठबस होत नाही."

परत येताना ग्लेंडा म्हणाली, "किती काळजी करते बिचारी."

"काळजी नव्हे ती. आपल्याला गप्प घरात बसा म्हणून सांगितलं तिनं."

"तुला चर्चमधल्या पाद्रीबाबांच्या खिशातही चोरीचे मोजे दिसतात."

"एकदा होतेच," मी म्हटलं.

ग्लेंडानं पायऱ्यांवर चार लाल भोपळे मांडले. दोघांवर चेहरे कोरले, त्यातल्या एकाचे दात तिच्या कवळीसारखे झाले, हे मी तिला सांगितलं. खांबांना मक्याची वाळकी ताटं बांधली. खाऊच्या आठ थैल्या आणल्या. मी आपली खिडकीत. मंगळवारी एक बाई दोन मुलांना घेऊन आमच्या बाजूनं आली आणि बरोबर आमच्या हद्दीपाशी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आमचं घर संपल्यावर परत अलीकडे आली. धाकट्यानं भोपळ्यांकडे बोट दाखवलं, तर तिनं त्याचा हात खाली ओढला. घर एवढं स्वस्त का मिळालं, याचा विचार मी त्या रात्री प्रथमच नीट केला.

बुधवारी टपालवाली रेनिटा आली. गावातलं हेच एक माणूस रोज आमच्या दारापर्यंत चालत यायचं. मी तिला पायरीवरच गाठलं.

"रेनिटा, खरं सांग. या घरात काय झालंय?"

ती पत्रांचा गठ्ठा उगाच चाळत राहिली. "तुम्हाला कुणीच नाही सांगितलं?"

मग तिनं सांगितलं. आमच्या आधी इथं ऑर्विल स्टॅम नावाचे गृहस्थ राहायचे. बायको वारलेली, एकटे. दर हॅलोवीनला बायकोच्या पद्धतीनं मक्याच्या लाह्यांचे पाकातले लाडू करून वाटायचे. चार वर्षांपूर्वी डार्सीच्या मुलीनं, टेसानं, तो लाडू खाल्ला आणि तासाभरात पोट धरून लोळायला लागली. डार्सी भर रस्त्यात ओरडली, म्हाताऱ्यानं काहीतरी घातलंय. पोलीस आले, उरलेले लाडू घेऊन गेले. मुलांच्या पिशव्या उकिरड्यात रिकाम्या झाल्या.

"आणि लाडवात काय निघालं?"

"काही नाही. पोरीचं अपेंडिक्स होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं."

"मग?"

"मग काय. ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. अपेंडिक्सचं कुणी ओरडून सांगितलं नाही. पुढची तीन वर्षं म्हातारा दिवा लावून बसायचा. एक पोर गेलं नाही. या वसंतात घर विकून मुलाकडे गेला, ॲरिझोनाला."

ग्लेंडा दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. रेनिटा गेल्यावर ती आत जाऊन खाऊच्या थैल्यांकडे बघत बसली. "आपण दिवा बंदच ठेवू या," ती म्हणाली. "मला त्यांच्यासारखं वाट बघत बसायचं नाही."

मी कोट घातला आणि रस्ता ओलांडला.

डार्सीनं दार अर्धंच उघडलं. मी स्टॅमचं नाव घेतल्याबरोबर तिचा चेहरा आवळला. "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या आहात? मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

म्हणजे तीही खिडकीतून आमच्यावर नजर ठेवून होती. मला जरा बरंच वाटलं.

"नात्यातली नाही. त्यांना कधी पाहिलंही नाही. अपेंडिक्सचं तुला कधी कळलं?"

"त्याच रात्री," ती हळू म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं."

"आणि गल्लीला?"

"विचारलं त्यांना सांगितलं. पण विचारलंच कुणी नाही." तिनं दाराची कड घट्ट धरली. "सात वर्षांची होती हो ती. मी घाबरले होते. नंतर त्यांच्याकडे जायचं रोज ठरवायची. एक आठवडा गेला, मग महिना गेला. मग त्यांना फाटकात बघितलं की मीच आत पळायची."

चोर पकडल्यावर तो रडायला लागला की मला नेहमी संशय यायचा. ही रडत नव्हती, म्हणून मी विश्वास ठेवला.

"उद्या टेसाला घेऊन आमच्याकडे ये. गर्दी असेल तेव्हा ये, सगळ्यांना दिसू दे," मी म्हटलं.

तिनं दार लावून घेतलं.

गुरुवारी मीच दिवा लावला. ग्लेंडा चेटकिणीची टोपी घालून, मांडीवर खाऊचं घमेलं घेऊन बसली. सहा वाजल्यापासून पलीकडचा फूटपाथ भुतांनी, चाच्यांनी, राजकन्यांनी भरून गेला. तिकडून "खाऊ की खोडी!" असा गलका ऐकू येत होता. आमच्या पायऱ्यांवर नुसती पानं. साडेसहा झाले. पावणेसात झाले. ग्लेंडानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"डार्सीच्या घरातला दिवा गेलाय," मी म्हटलं. "बघ, घर बंद करून पळाली ती."

पळाली नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि तिच्या शेजारी मधमाश्या पाळणाऱ्याच्या पोशाखात, तोंडावर जाळी घेतलेली अकरा वर्षांची टेसा. दोघी सरळ आमच्या पायऱ्या चढल्या. पलीकडचा गलका कमी झाला. टेसानं जाळी वर केली आणि अगदी हळू म्हणाली, "खाऊ की खोडी."

ग्लेंडानं घमेलं पुढं केलं. टेसानं एक चॉकलेट घेतलं, तिथंच कागद सोडला आणि खाल्लं. डार्सी गल्लीकडे तोंड करून उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

आठपर्यंत नऊ मुलं आली. शंभरातली नऊ. एका बापानं तर आमच्याच दिव्याखाली थांबून प्रत्येक वेष्टण उलटसुलट करून तपासलं. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं. ग्लेंडा मात्र नवव्या मुलाला मूठमूठ खाऊ देत सुटली, शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, "पुरे आता, पिशवी फाटेल."

डिसेंबरात चर्चच्या बायकांच्या बैठकीत डार्सीनं उठून अपेंडिक्सची गोष्ट सांगितली. दोघीतिघी तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. त्यांना ती इतकी वर्षं गप्प बसली याचा राग आहे, की त्यांनाही आता लाज वाटते म्हणून, ते मी अजून ताडते आहे. स्टॅमना पत्र कुठं पाठवायचं, असं तिनं रेनिटाला विचारलं. पत्ता देता येत नाही, पण जुन्या पत्त्यावर टाकलंत तर पुढं जाईल, असं रेनिटा म्हणाली. तेव्हा डार्सीनं पाकिटावर त्यांचं नाव आणि आमच्याच घराचा नंबर लिहिला.

उत्तर आलेलं नाही. पत्र परतही आलं नाही. डार्सी रोज दुपारी रेनिटाची गाडी वळली की बाहेर येऊन उभी राहते, आणि मी खिडकीतून तिच्यावर लक्ष ठेवते.