वाक्यं आखूड होतात तेव्हा

ताईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो बसवला आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरणार होता, म्हणून ताईने सात दिवस तोंड जमिनीकडे करून पालथं राहायचं होतं. मान वर केली तर पडदा पुन्हा सुटण्याचा धोका.

ती कॉलेजात साहित्य शिकवते. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत असते. रजा काढून मी पलंगाशेजारी फरशीवर बसले आणि तिच्या आवडीची एक जुनी भयकादंबरी तिला वाचून दाखवू लागले. एक घड्याळजी दुरुस्तीसाठी एका ओसाड घरात येतो, एवढीच गोष्ट.

"अगं, कादंबरी वाचतेयस की नळाच्या पाण्याचा अहवाल?"

"भिंती श्वास घेत होत्या म्हणे. ओल असेल."

"ओल म्हटलं की तू गवंड्याला बोलावशील. श्वास म्हटलं की घर जिवंत होतं, आणि जिवंत घराला काहीतरी हवं असतं. भीती तिथून सुरू होते बाई."

पुढच्या पानावर तिने मला थांबवलं. "आता वाक्यं बघ. इतका वेळ ऐसपैस होती, इथे तुटायला लागली. दार. पायरी. हात. घाबरलेल्याला श्वास पुरत नाही, म्हणून लेखकही पुरू देत नाही. आणि दाराआड काय आहे ते सांगत नाही. सांगितलं की वाचक सुटला."

हे तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी दुपारी मी दोन पानं वाचली तरी तिने एकदाही माझी टर उडवली नाही. मी मुद्दाम आणखी सपाट वाचलं.

"चहा टाकू?"

"नको."

"दुखतंय?"

"नाही. वाच."

ताईचं वाक्य सहसा दहा शब्दांखाली येत नाही. भाजीवाल्याशीसुद्धा ती परिच्छेदात बोलते. मी पुस्तक मिटलं.

"ताई, काय लपवतेयस?"

ती फरशीकडेच बघत होती. डाव्या, चांगल्या डोळ्याने.

"डाव्या डोळ्यात कडेने काळं येतंय," ती म्हणाली. "सकाळपासून."

"सकाळपासून! आणि मला घड्याळजी वाचायला लावलंस?"

"वाटलं, बोलले नाही तर नसेलच."

दवाखान्यात फोन केला. फोनवरच्या बाईंनी एवढंच सांगितलं, "लगेच आणा. मान खालीच ठेवा."

टॅक्सीत ताईने पुढच्या सीटच्या पाठीला कपाळ टेकवलं. एका हाताने मी तिची मान धरली आणि दुसरा हात तिच्या चेहऱ्याखाली नेला. काळं किती सरकलं ते डॉक्टर विचारणार होते.

"किती बोटं?"

"तीन."

पुलावर पुन्हा विचारलं.

"दोन. अगं, नखं खाल्लीस की काय सगळी? घाबरट कुठली."

सिग्नलला गाडी थांबली. खिडकीतून ऊन थेट तिच्या गुडघ्यांवर येत होतं, उजेड भरपूर होता. हात मी होता तिथेच ठेवला.

"किती?"

ताई जरा वैतागून म्हणाली, "आधी बोटं तरी धर."

मी चार बोटं धरली होती.