चालतं जाळं

माझी बायको चिमा वारल्यावर घरात बसवेना, म्हणून मी सर्वेक्षणाच्या जहाजावर काम धरलं. जहाज मागे कोसभर लांब केबल ओढत चालायचं. वाटेत आपल्या मच्छीमारांच्या बोटी आल्या की भोंग्यावरून ओरडून त्यांना बाजूला करायचं, एवढंच माझं काम.

जहाज पाण्यात हवेचे बार काढायचं. आवाज तळाखाली जाऊन परत यायचा आणि केबल तो टिपायची. त्या नोंदी तपासणाऱ्या नाडकर्णी साहेबांनी मला समजावलं, "भिकाजी, इथं खोल तळाखाली वायू बर्फात गोठलेला असू शकतो. त्या थराच्या बुडावरून आवाज वेगळा परतला, तर ती खूण."

"बर्फ? मग मासळीवर घालायला होईल."

"पेट घेतो तो बर्फ. मासळी भाजून मिळेल."

जानेवारीत एका संध्याकाळी रत्नागिरी बंदरातून वायरलेसवर निरोप आला. माझ्या काशीरामची बोट दोन दिवस परतली नव्हती. एकुलता मुलगा. वारा जमिनीकडून होता, बोट बाहेर लोटणारा. मी कप्तानाकडे गेलो. ते म्हणाले, तटरक्षक दल शोधतंय, केबल पाण्यात असताना आपल्याला चटकन वळताच येत नाही. खरंच होतं ते. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. आधी चिमा, आता हा, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रात्री हवेचं यंत्र बिघडल्यामुळे जहाज अगदी सावकाश चाललं होतं. उजाडल्यावर यंत्र सुरू झालं, जहाजानं वेग घेतला, तर नाडकर्णी साहेब वैतागून बाहेर आले.

"केबलच्या शेवटाला नुसती खरखर येतेय. काहीतरी अडकलंय."

केबलच्या टोकाला बावटा लावलेला तरंगता बोया असतो. त्यांनी दुर्बीण लावली. "बोट बांधलीय कुणीतरी. कोण हा शहाणा?"

मी दुर्बीण घेतली. निळी बोट, तिच्यावर मीच ओढलेला पिवळा पट्टा. काशीरामची बोट! मी होडी उतरवायला धावलो.

आमच्याकडे इंजिन बंद पडलं की दिसेल त्या जाळ्याच्या बोयाला दोर टाकून थांबतात. मालक जाळं ओढायला येतोच, तो बंदरात नेतो. काशीरामनं रात्री आमच्या बोयाला जाळ्याचा समजून तेच केलं होतं.

आम्ही रबरी होडीनं जवळ गेलो. त्याचे ओठ फुटले होते.

"बाबा, कुनाचं ओ ह्ये जाळं? सकाळधरनं चालतंय नुस्तं."

त्याचा खलाशी गंगाराम म्हणाला, "मी म्हनत होतो सोड. तर ह्यो म्हनतो, मोठा मासा लागलाय, मालक वाटा देईल."

"वाटा जहाजावर मिळेल," मी म्हटलं. "दोर सोड आधी."

सकाळची सगळी नोंद वाया गेली होती. मी नाडकर्णी साहेबांची माफी मागितली.

"परत करू," ते म्हणाले. "बर्फ कुठं पळून जातोय?"

काशीराम दोन ताटं भात जेवला आणि माझ्या बिछान्यावर आडवा झाला. तो घोरायला लागेपर्यंत मी शेजारी बसलो. मग मलाही भूक लागली. चिमा गेल्यापासून अशी लागली नव्हती. ताट घ्यायला मी उठलो.